हे कोणी वापरतं का?

दरवर्षी मार्च आला की आमच्या कंपनीत वर्षभराच्या कामाचा फॉर्म भरायचा असतो. पहिलाच प्रश्न : 'या वर्षात आपण काय निर्माण केलेत?' पुढे एक चौकट. कोडच्या किती ओळी लिहिल्या तो आकडा तिच्यात टाकायचा. माझा आकडा वजा येतो आणि त्या चौकटीला वजा चालत नाही. उणे चिन्ह दाबलं की खाली लाल अक्षरांत सूचना उमटते, 'कृपया योग्य संख्या भरा'. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, माझा आकडा मायनसमध्ये जातोय."

"मायनसमध्ये कसा जाईल? रजा जास्त झाल्या का?"

"नाही सर. लिहिलं त्यापेक्षा काढलं जास्त."

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "मग त्यातलं थोडं परत घाल. निदान शून्यावर तरी ये. मला वर तोंड दाखवायचंय."

मी लिनक्सच्या कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच बसलेला असतो. कुठल्या ॲपला किती मेमरी द्यायची, काम झाल्यावर ती परत कशी घ्यायची, एकाने दुसऱ्याच्या मेमरीत तोंड घातलं तर त्याला कसं हाकलायचं, हे सगळं तो बघतो. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहिला तेव्हा सगळा मिळून दहा हजार ओळींचा होता. आता तो चार कोटींच्या घरात गेलाय. या चार कोटींत कामाचं कोण आणि नुसतं हजेरीपटावर कोण, हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यातही डोळा मेमरीच्या फंक्शनांवर. मेमरी मागणारी, परत करणारी, इथली उचलून तिथे ठेवणारी अशी जी फंक्शनं असतात, त्यांत एखादं कोणी न वापरणारं आणि वापरलंच तर हमखास तोंडघशी पाडणारं सापडलं, की मला गुदगुल्या होतात.

आईला हे एकदा समजावून सांगितलं.

"म्हणजे दिवसभर तू जुनं, बिनकामाचं शोधून फेकून देतोस?"

"हो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"हो."

आई काही बोलली नाही. उठली आणि दिवाणाची फळी उचलून धरली. आत माझी वायरींची पिशवी होती. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर, एक निळ्या टोकाची मॉनिटरची केबल, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरची वायर आणि कशाची ते मलाही सांगता येणार नाही अशा पाचसहा.

"हे काय मग?"

"ते लागेल," मी म्हणालो.

कर्नलमधला माणूसही हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत.

'ॲक्सेस-ओके'चंच बघा. एखादा प्रोग्रॅम कर्नलला म्हणतो, 'अमुक पत्त्यावर मला डेटा आणून ठेव.' तो पत्ता खरंच त्याच्याच हद्दीतला आहे ना, हे तपासणारं हे फंक्शन. त्याला पत्ता सांगायचा, लांबी सांगायची आणि त्याआधी हेही सांगायचं, की आपण वाचायला चाललोय की लिहायला. हे कशासाठी? तर इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ प्रोसेसरसाठी. मेमरीच्या पानावर 'इथे लिहू नये' अशी खूण केलेली असली तरी खुद्द कर्नल लिहायला आला की हा प्रोसेसर ती खूण बघायचाच नाही. मोठ्या साहेबांना अडवायचं नसतं, हा शिष्टाचार त्याच्या सिलिकॉनमध्येच उतरला होता. त्यामुळे लिहायच्या आधी कर्नललाच ती तपासणी हाताने करावी लागायची.

पुढे ४८६ आला आणि ही खोड गेली. डिसेंबर २०१२ मध्ये तर ३८६ लाच कर्नलने रामराम ठोकला. ज्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला तेच यंत्र. ते काढणाऱ्या इंगो मोल्नारने सोबतच्या टिपणात एक बारीकसा हुंदका दिला होता. टॉरवाल्ड्सने आपण तितके हळवे नाही असं कळवलं आणि बदल घेऊन टाकला. म्हणजे वाचायचं की लिहायचं हे आता कोणी कोणाला सांगायचं कारण उरलं नव्हतं. तरीही पुढची सहा वर्षं जगभरचे प्रोग्रॅमर दर वेळी ते इमानेइतबारे सांगत राहिले. पलीकडे ऐकायला कोणी नव्हतं. त्या काळात मी एका सहकाऱ्याला विचारलं होतं.

"इथे 'वाचायला' का घातलंयस?"

"घालायचं असतं."

"कशाला?"

"सगळे घालतात."

"पण त्याने होतं काय?"

"काहीच होत नाही," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "पण चुकून 'लिहायला' घालू नकोस हां. ते चुकीचं ठरेल."

जानेवारी २०१९ मध्ये टॉरवाल्ड्सनेच एक दिवस बसून तो रकाना सगळीकडून उडवला. याच फंक्शनचा एक पूर्वज होता, 'व्हेरिफाय-एरिया'. सगळं ठीक असेल तर तो शून्य सांगायचा. ॲक्सेस-ओके ठीक असेल तर एक सांगतं. एकाच्या जागी दुसरं बसवताना एक उद्गारचिन्ह विसरलं, की चोर आत आणि घरमालक बाहेर. असल्या जागा बदलायला जाताना प्रोग्रॅमर देवाचं नाव घेतो ते श्रद्धेने नव्हे.

परत येणाऱ्या आकड्यांच्या बाबतीत कर्नलमध्ये एकेक नमुने आहेत. 'कॉपी-फ्रॉम-युजर' हे प्रोग्रॅमकडचा डेटा कर्नलमध्ये उतरवून घेतं आणि शेवटी एक आकडा देतं. किती बाइट आणले त्याचा नाही, किती आणायचे राहिले त्याचा! शून्य आलं म्हणजे फत्ते. आपण काय केलं नाही याचा हिशेब आपणहून देणारं दुसरं कोणी माझ्या बघण्यात नाही. आमच्या कंपनीचा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला तर पहिल्याच प्रश्नाला त्याची नोकरी जाईल. नवशिका प्रोग्रॅमर तो आकडा तसाच वर पाठवतो आणि वरच्याला वाटतं, वा, सतरा बाइट आले. हे फंक्शन मात्र रोज, सर्वत्र वापरात आहे, त्यामुळे मला त्याच्याकडे नुसतं बघत बसावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, जे वापरातच नाही ते काढायला काय लागतं? पुसून टाकायचं. मलाही नोकरीला लागलो तेव्हा असंच वाटायचं. पण 'कोणी वापरत नाही' हे सिद्ध करायचं कसं? सगळ्या कोडमध्ये त्या नावाचा शोध घ्यायचा, कुठेच नाही सापडलं, झालं? नाही झालं. कारण सी भाषेत नावाचे दोन तुकडे वेगवेगळे ठेवून ऐन वेळी चिकटवायची सोय आहे. अर्धं नाव इथे, अर्धं तिथे, आणि कंपायलरपुढे येईपर्यंत पूर्ण नाव कुठेच नाही. असा कोड लिहिणारा माणूस फार हुशार असतो आणि नंतर कधीच सापडत नाही. बरं, हेही तपासलं, तरी एक यंत्रमानव असतो. तुमचा बदल घेऊन तो नाना प्रकारच्या प्रोसेसरांसाठी कर्नल बांधून बघतो. त्यात अल्फा असतो, पीए-रिस्क असतो, मोटोरोलाचा ६८००० च्या घराण्यातला असतो. ज्यांचे कारखाने बंद होऊन जमाना लोटला अशा यंत्रांची तो काळजी करतो. रात्री अडीचला त्याचा निरोप येतो की तुम्ही काढलेलं फंक्शन पीए-रिस्कवर लागतं. जगात ते यंत्र चालू ठेवणारी मंडळी किती असतील ती असोत, त्यातलं कोणीही त्या वेळी जागं नसतं. जागा फक्त मी.

काढता येत नाही तर निदान लोकांना सावध करावं, असंही करून झालंय. पूर्वी कर्नलमध्ये एखाद्या फंक्शनवर 'डेप्रिकेटेड' असा शिक्का मारता यायचा. ते कोणी वापरलं की कंपायलर इशारा द्यायचा, 'हे जुनं झालंय, वापरू नका.' कल्पना सुंदर. झालं असं, की इशारे रोज शेकड्यांनी यायला लागले आणि मंडळींनी फंक्शनं बदलण्याऐवजी इशारे न दिसण्याची साधना केली. त्या गर्दीत खरोखरीचा धोक्याचा इशारा आला तरी दिसेना. २०१८ मध्ये टॉरवाल्ड्सने ही इशाऱ्यांची सोयच बंद केली. कारण कर्नलच्या कागदपत्रांत आजही वाचायला मिळतं : कर्नल इशाऱ्यांविना बांधला जावा असं आपलं ध्येय आहे, आणि ही फंक्शनं काढायचं काम तर कोणीच करत नव्हतं. इशारा बंद केला, फंक्शनं राहिली, ध्येय गाठलं. इतक्या सरळपणे स्वतःची फजिती लिहून ठेवणारं दुसरं सरकारी-निमसरकारी दफ्तर मला माहीत नाही.

आणि हा दुसरा नमुना. कर्नलमधलं जे फंक्शन बाहेरच्या मोड्यूलला वापरता यावं असं वाटतं, त्यावर तशी खूण करतात. २००६ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की अशा खुणा केलेली कितीतरी फंक्शनं कोणीच वापरत नाही. एकदम काढली तर आरडाओरड होईल, म्हणून एक खास वेगळी खूण निर्माण केली : 'न वापरलेलं आहे, लवकरच जाईल'. पुढे २०२१ मध्ये क्रिस्टोफ हेलविगने बघितलं तर ही खास खूणच कोणी वापरत नव्हतं. त्याने ती काढून टाकली. वापरात नसलेल्याची नोंद करणारी यंत्रणा वापरात नाही म्हणून गेली. तो बदल मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या काचेखाली साईबाबा आहेत.

मेमरीच्या फंक्शनांत खानदानी वैर कुठलं असेल तर ते अक्षरांची माळ एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणाऱ्यांचं. मूळ पुरुष 'स्ट्रएनकॉपी'. तो जुन्या युनिक्समध्ये फाइलींची नावं चौदा अक्षरांच्या ठरीव खणात भरायला जन्मला. नाव लहान असलं तर उरलेल्या खणात शून्यं भरायची, नाव बरोबर चौदाचं असलं तर शेवटची खूण टाकायची नाही, कारण जागाच नाही. त्या कामाला हे अगदी बरोबर होतं. पण नावातल्या 'एन'मुळे लोकांना वाटलं, याला लांबी सांगावी लागते, म्हणजे हे सुरक्षित असणार. मग ते सगळीकडे वापरू लागले. शेवटची खूण नसलेली माळ वाचायला घेतली की वाचणारा थांबत नाही, पुढच्या मेमरीत घुसतो, आणि तिथे कोणाचा पासवर्ड पडलेला असेल तर तोही वाचून येतो.

यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी 'स्ट्रएलकॉपी' आणलं. हे शेवटची खूण टाकतंच टाकतं. फक्त काम झाल्यावर त्याला सांगायचं असतं, 'मूळ माळ केवढी होती.' त्यासाठी ते मूळ माळ शेवटपर्यंत मोजतं, तुम्हाला त्यातली चारच अक्षरं हवी असली तरी. आणि मूळ माळेलाच शेवट नसला तर? तर मोजत निघालं, पुन्हा शेजाऱ्याच्या मेमरीत. मग २०१५ मध्ये 'स्ट्रएसकॉपी' आलं. एन, एल, एस. तिघांच्या नावांत एका अक्षराचा फरक, स्वभावात जमीन-अस्मानाचा.

हे तिसरं कर्नलमध्ये घ्यायला टॉरवाल्ड्सने बराच वेळ काढला होता, आणि घेताना कारणही सांगितलं होतं. नवं सुधारलेलं काही आलं की उत्साही मंडळी जुन्याच्या जागी ते घाऊक बदलत सुटतात आणि त्यात कोणीतरी अशी चूक करतं की पहिलंच बरं होतं म्हणायची पाळी येते. तेव्हा कृपया असं करू नका, असा त्याचा सूर होता. माझ्यासारख्या माणसाच्या धंद्यावर इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही. बायकोलासुद्धा इतकं नेमकं जमलेलं नाही. तरीही एकेक जागा हाताने तपासत, वर्षानुवर्षं खपून, केस कुक आणि त्याच्यासोबतच्या लोकांनी स्ट्रएलकॉपी कर्नलमधून पुरतं निपटून काढलं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेलं. मी घरी पेढे आणले.

गंमत पुढेच आहे. कर्नलच्या बाहेर लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या ग्रंथालयाच्या जोरावर चालतात त्या ग्लिबसीने हे स्ट्रएलकॉपी कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं. वादावादी, टोमणे, सगळं झालं. अखेर ग्लिबसीवाल्यांचं मन वळलं आणि त्यांनी ते आत घेतलं. कधी? ऑगस्ट २०२३ मध्ये. कर्नलने त्याला बाहेर काढायच्या पाच महिने आधी. आणि तो म्हातारा स्ट्रएनकॉपी, ज्याच्यामुळे हे रामायण घडलं, तो या दोघांच्या भांडणात मजेत बसला होता.

नावं हाही एक सापळा असतो. 'केझी-अलॉक' म्हणजे शून्यांनी पुसून स्वच्छ केलेली मेमरी मिळवायची. 'केझी-फ्री' म्हणजे परत करण्याआधी मेमरी पुसायची, आत पासवर्ड वगैरे गुपित असेल तर मागे राहू नये म्हणून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नावं जोडीने दिसतात म्हटल्यावर लोकांनी परस्पर लग्न लावून दिलं. केझी-अलॉकने आणलेलं केझी-फ्रीनेच परत करायचं, असा समज व्हायचा. गुपित काही नाही, तरी पुसून पुसून परत. २०२० मध्ये केझी-फ्रीचं नाव बदलून 'केफ्री-सेन्सिटिव्ह' ठेवलं तेव्हा ही जोडपी विभक्त झाली. नुसतं नाव बदलून घटस्फोट झाल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

उलट 'सेट-एफएस'चं नाव बदललं नाही आणि त्याने तीस वर्षं काढली. एफएस हा त्याच ३८६ मधला एक रजिस्टर. पुढे त्या रजिस्टरचा संबंध संपला, नाव राहिलं. हे फंक्शन थोडा वेळ कर्नलची मेमरीच प्रोग्रॅमची मेमरी म्हणून चालवून द्यायचं. काम झालं की आठवणीने पूर्ववत करायचं. 'आठवणीने' असं ज्याच्या सूचनेत लिहावं लागतं ते कोणीतरी विसरतंच. २०१० मध्ये यातूनच एक मोठं भगदाड सापडलं. हे फंक्शन २०२० मध्ये नेहमीच्या इंटेल यंत्रांवरून गेलं, आणि सगळीकडून हाकलायला २०२२ उजाडलं.

माझं स्वतःचं कर्तृत्व या मानाने किरकोळ. मला एक फंक्शन सापडलं होतं. नाव सांगत नाही, त्याचे दोन चुलतभाऊ अजून आत नोकरीला आहेत. हे घेतलेली मेमरी वाढवून द्यायचं. वाढवून देता आली नाही तर हातात होती तीही काढून घ्यायचं आणि तसं सांगायचं नाही. मग मागणारा बिचारा काम संपल्यावर तीच मेमरी पुन्हा परत करायला जायचा आणि कर्नल कोसळायचा. वापरणारं कोणी नव्हतं. अर्धं नाव, पाव नाव, सगळं शोधून झालं. मी ते काढायचा बदल पाठवला.

पहिलं उत्तर आलं ते तो भाग सांभाळणाऱ्या गृहस्थांचं. "बरोबर दिसतंय. पण घाई काय आहे?" फंक्शनच्या डोक्यावरच लिहिलेलं होतं, 'तात्पुरतं. पुढच्या आवृत्तीत काढणे.' ती आवृत्ती दोनच्या मालिकेतली होती. आता सहाची मालिका चालू होती.

मग आमच्याच पुण्यातले एक गृहस्थ फोनवर आले.

"अहो, ते काढू नका, आमचा ड्रायव्हर वापरतो."

"कर्नलमध्ये तर कुठे दिसत नाही."

"आत नाहीये, आमच्याकडे आहे."

"मग आत पाठवा ना. बाहेरचा वापर इथे धरत नाहीत, तुम्हाला माहितीये."

"पाठवणारच आहोत. थोडं काम बाकी आहे."

"कधीपासून?"

"चार पॉइंट चारपासून," ते म्हणाले. चार पॉइंट चार २०१६ साली आलं. त्या ड्रायव्हरच्या चिपचा कारखानाही बहुधा कोणीतरी काढून टाकला असावा.

तेवढ्यात रात्रीच्या यंत्रमानवाचा निरोप आलाच. फंक्शनला एक गिऱ्हाईक निघालं. मी डोळे चोळून बघितलं. ते गिऱ्हाईक म्हणजे त्याच फंक्शनची चाचणी. ते नीट चालतं की नाही हे बघायला कोणीतरी मेहनतीने लिहिलेली, आणि ती रोज रात्री न चुकता उत्तीर्ण होत होती. चाचणी लिहिणाऱ्याला मी विचारलं, की तुझी चाचणी पण काढू का?

"का पण? पास होतेय की!"

"फंक्शनच जातंय."

"फंक्शन गेलं तर मी चाचणी कशाची घेऊ?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही एकदमच काढली. आकडा आणखी खाली गेला.

दुसऱ्या दिवशी टीममध्ये नव्याने आलेला मुलगा लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला.

"सर, एक छोटंसं हेल्पर फंक्शन लिहिलंय. मेमरी वाढवून देतं. जरा बघता का?"

मी बघितलं. लांबी बेताची, नाव गोंडस.

"हे कोणी वापरतं का रे?"

"अजून कोणी नाही सर," तो उत्साहाने म्हणाला, "पण टेस्ट लिहून ठेवलीये."